पेनड्राइव्हवर रोज नेमकं काय उतरतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. समजण्यात चूक झाली असेल तर सांगा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत. नऊ कॉम्प्युटर, त्यातला एक सर्व्हर म्हणून कोपऱ्यात ठेवलेला. त्यावर टॅली गोल्ड, आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, काढायला इथल्याच एकानं करून दिलेलं अडतीचं सॉफ्टवेअर. रात्री तुम्ही घरून रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरवर येता, त्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतलाय. दिवाणजी रोज दुकान बंद करताना ‘डेटा’ पेनड्राइव्हवर घेतात. मागच्या महिन्यात तुमच्याच ओळीतल्या एका गाळ्याच्या सगळ्या फाइली लॉक झाल्या, पडद्यावर पैशांची मागणी आली. आठवड्याभरात एकजण तुमच्याकडं फायरवॉलचं, म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्यावर पहारा ठेवणाऱ्या पेटीचं, १ लाख ८५ हजारांचं कोटेशन ठेवून गेला. तो घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

लगेच घेऊ नका. फायरवॉल वाईट असतो म्हणून नव्हे, तर तुम्हाला आधी सुटायला हवा असलेला प्रश्न तो सोडवत नाही म्हणून. समजा उद्या सकाळी शटर वर केलं आणि सर्व्हर नाही. चोरीला गेला, जळाला, लॉक झाला, काहीही झालं. थोड्या वेळात सौदे सुरू होणार. त्या दिवशी पट्टी कशावर काढणार? कालपर्यंत कुणाला किती उचल दिलीय हे कुठं बघणार? याचं उत्तर आज तयार नसेल तर दोन लाखांची पेटी भिंतीवर बसवूनही ते तयार होणार नाही.

मी गेली बावीस वर्षं कोल्हापूर-सांगली-जयसिंगपूर पट्ट्यात दुकानं, छोटे कारखाने आणि दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. पुढं लिहितोय ते त्या अनुभवावरून. तुमचा सर्व्हर मी पाहिलेला नाही, त्यामुळं काही गोष्टी तुमच्याकडं वेगळ्या असतील. जिथं तसं वाटतंय तिथं सांगेनच.

काय गेलं तर परत मिळत नाही, हे आधी ठरवा. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना लावलेली विक्री जीएसटीआर-१ या जीएसटीच्या रिटर्नमध्ये पोर्टलवर असते. ई-वे बिलं त्यांच्या पोर्टलवर सापडतात. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसही आहेतच. बँकेचा उतारा बँक देते. म्हणजे विक्रीची बाजू रडतखडत का होईना, पुन्हा उभी राहते. एका गिऱ्हाइकाची अशी मी आणि त्यांच्या सीएच्या ऑफिसातल्या दोन मुलांनी मिळून तीन आठवड्यांत उभी केली होती. पण शेतकऱ्याची पट्टी कुठल्याच पोर्टलवर नसते. बाजार समितीकडं प्रत जात असेल, शेतकऱ्याच्या खिशातही एक असेल, पण त्यावरून उचलीचा हिशेब लागत नाही. किती पोती उतरली, हमाली-तोलाई किती कापली, गणपतीच्या आधी किती पैसे नेले, हे फक्त तुमच्या सर्व्हरवर आहे. व्यापाऱ्याची उधारी विसरली तर नुकसान तुमचं एकट्याचं. शेतकऱ्याच्या उचलीचा आकडा हरवला तर नुकसान आहेच, वर गाळ्यापुढं रोजची भांडणं. तेव्हा तुमच्या दुकानात टॅलीपेक्षा अडतीच्या सॉफ्टवेअरचा डेटा जास्त मोलाचा आहे. आणि माझा अनुभव असा, की नेमका तोच पेनड्राइव्हवर उतरत नसतो.

हे हवेत बोलत नाही. तुमच्याच धंद्यातल्या एका दुकानात दिवाणजी अगदी नेमाचे होते. रोज संध्याकाळी साडेसातला डेस्कटॉपवरचं ‘अडत’ नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करायचे, तारखेचं नाव द्यायचे. तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. सर्व्हरची हार्ड डिस्क गेली तेव्हा मालक निर्धास्त होते. मी पेनड्राइव्ह उघडला तर प्रत्येक तारखेच्या फोल्डरचा साइज तोच, ३४० एमबी. आत सॉफ्टवेअरची चालणारी फाइल, पट्टीचा छापील नमुना, दुकानाचा लोगो, लक्ष्मीचं चित्र. पट्टी एकही नाही. कारण डेटा त्या फोल्डरात नव्हताच. असली सॉफ्टवेअरं बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या डेटाबेसवर चालतात आणि डेटाची फाइल सी ड्राइव्हमध्ये प्रोग्राम फाइल्सच्या पोटात चार फोल्डर आत बसलेली असते. तीन वर्षं करवंटी जपली, खोबरं सर्व्हरवरच राहिलं. डिस्क पुण्याला डेटा रिकव्हरीवाल्याकडं पाठवावी लागली. काही आलं, काही नाही.

म्हणून आज संध्याकाळी एवढं करा. पेनड्राइव्हवरचं आजचं फोल्डर आणि सहा महिन्यांपूर्वीचं फोल्डर, दोन्हींचे साइज शेजारी लिहा. मधे हळदीचा हंगाम गेला, रोज शे-दीडशे पट्ट्या निघाल्या. साइज वाढलेला नसेल तर डेटा उतरत नाही, असं धरून चाला. वाढला असेल तरी निश्चिंत होऊ नका, पण निदान काहीतरी उतरतंय.

एसक्यूएलची डेटा फाइल सर्व्हर चालू असताना नुसती कॉपी होत नाही. ‘फाइल वापरात आहे’ म्हणून विंडोज नकार देतं. तिचा बॅकअप एसक्यूएललाच घ्यायला सांगावा लागतो. एक्सप्रेस आवृत्तीत वेळापत्रक लावायची सोय नाही, त्यामुळं विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून छोटीशी कमांड रोज रात्री चालवायची. काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते ज्यानं सॉफ्टवेअर केलं त्यानं करून द्यावं. त्याला बोलवा आणि तीन गोष्टी विचारा: डेटाबेस कुठला, बॅकअपची फाइल कुठं पडते, आणि नव्या कोऱ्या मशीनवर सगळं उभं कसं करायचं. तिसऱ्या प्रश्नाला तो अडखळला, तर तुमची मोठी जोखीम कुणा रशियन चोरात नाही, तिथंच आहे. गावोगाव अशी सॉफ्टवेअरं एकेकट्या माणसांनी लिहिलीत. त्यांतला एखादा पुण्याला नोकरीला लागतो आणि फोन उचलेनासा होतो.

टॅलीचं त्यामानानं सोपं. ऑल्ट-वाय दाबलं की डेटाचा मेन्यू, त्यात बॅकअप. एवढंच बघा, की त्या वेळी बाकी आठ मशीनवरून टॅली बंद केलेली हवी. कुणी एन्ट्री करत असताना नुसतं डेटा फोल्डर उचलून कॉपी केलं तर ती कॉपी कधीकधी उघडत नाही. आणि टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीच्या डेटाला कुलूप घालणारा, पासवर्ड लावला असेल तर तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो विसरला तर डेटा असून नसल्यासारखा. कुणीही उघडून देऊ शकत नाही.

आता जास्त महत्त्वाचं. पेनड्राइव्ह सर्व्हरच्या मागे कायम खोचलेला असतो का? दहातल्या आठ ठिकाणी असतो. सारखा काढायचा-घालायचा कंटाळा. मग चोर सर्व्हरवर आला की तो पेनड्राइव्ह त्याला दुसऱ्या ड्राइव्हसारखाच दिसतो. सर्व्हरला जिथं लिहिता येतं, तिथं चोरालाही लिहिता येतं. नेटवर्कवरचं शेअर केलेलं फोल्डर, गुगल ड्राइव्हचं आपोआप सिंक होणारं फोल्डर, सगळं याच हिशेबात येतं. सिंकला लोक बॅकअप समजतात. इथली फाइल बिघडली की तिथली बिघडलेली फाइल काही मिनिटांत तयार. गुगल ड्राइव्हमध्ये जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवस राहतात, त्यामुळं सगळंच बुडत नाही. पण हजारो फाइली एकेक करून मागे न्यायच्या म्हणजे काय ते एकदा करून बघा. आरशासारख्या जोडलेल्या दोन डिस्क, ज्याला रेड म्हणतात, त्याही बॅकअप नव्हेत. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालवते एवढाच त्यांचा उपयोग. फाइल लॉक झाली तर दोन्हींवर एकाच क्षणी होते.

टॅली गोल्डची यात आणखी एक गोम आहे. आठ मशीननी एकाच डेटावर काम करायचं तर ते फोल्डर सगळ्यांना पूर्ण हक्कांसह शेअर करावं लागतं. म्हणजे सर्व्हर कितीही जपला तरी काउंटरवरच्या पोरानं ‘कुरिअरची पावती’ म्हणून आलेली फाइल उघडली, की त्याच्या मशीनवरून तुमचं टॅलीचं फोल्डर लॉक होऊ शकतं. सर्व्हरला हातही न लावता.

इचलकरंजीच्या एका कापड प्रोसेसवाल्याकडची सकाळ मी विसरलेलो नाही. रात्रीत सर्व्हर लॉक झाला होता. मी पोचेपर्यंत मालकांनी घरून एकुलती एक बॅकअपची हार्ड डिस्क आणून, ‘यात तरी आहे का बघू’ म्हणून त्याच सर्व्हरला लावली होती. व्हायरस अजून चालू होता. आम्ही बघत असताना फोल्डरातल्या फाइलींच्या नावांना एकामागून एक शेपूट लागत गेलं. मी वायर उपटली तोवर मार्चपर्यंतचं वर्ष गेलं होतं. डिस्क होती, डेटा होता, रोज घेतलेला होता. फक्त चुकीच्या मशीनला लावली.

तर व्यवस्था कशी असावी? तुमच्या आकाराच्या दुकानाला मी तीन थर सांगतो. पहिला, रोज रात्रीचा. सर्व्हर त्याचा बॅकअप स्वतःच्या डिस्कवर एका फोल्डरात टाकतो आणि नेटवर्कला जोडलेली डिस्कची वेगळी छोटी पेटी, म्हणजे नॅस, तो तिथून ओढून घेते. सर्व्हरनं ढकलायचं नाही, पेटीनं ओढायचं. असं केलं की पेटीचा पासवर्ड सर्व्हरला माहीत असायची गरजच राहत नाही. पेटीवर स्नॅपशॉट चालू ठेवा, म्हणजे फाइलीचं कालचं, परवाचं, पंधरा दिवसांपूर्वीचं रूप वेगवेगळं राहतं. पण ही पेटी थेट इंटरनेटवर उघडी ठेवायची नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसनं, जगभरच्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्या लॉक केल्या, त्या इंटरनेटवरून दिसणाऱ्याच होत्या. बॅकअपच्याच पेट्या!

दुसरा थर, आठवड्याचा. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, एकीला लाल पट्टी, एकीला हिरवी. शनिवारी लाल लावायची, बॅकअप उतरला की काढून घरी न्यायची, पुढच्या शनिवारी हिरवी. दोन्ही एका वेळी दुकानात कधीच नाहीत. डिस्कला विंडोजच्या बिटलॉकरनं कुलूप घाला, नाहीतर रिक्षात विसरली तर सगळ्या शेतकऱ्यांची बँक खाती कुणाच्या तरी हातात. बिटलॉकरची किल्लीही कागदावर, टॅलीव्हॉल्टच्या चिठ्ठीशेजारी. तुमच्याकडं नॅस घ्यायची ऐपत किंवा इच्छा नसेल तर निदान हा दुसरा थर करा. पट्ट्यांसाठी शनिवारची वाट न बघता मग रोज अदलाबदल करावी लागेल, एवढाच फरक.

घरी नेण्याबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी कुठं कुठं आलं होतं हे मी सांगलीकराला सांगायला नको. घर नदीजवळच्या गावभागात असेल आणि दुकानही पाण्याच्या टप्प्यात, तर दोन ठिकाणी ठेवलेली डिस्क एकाच पुरात जाईल. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं, तेव्हा दुकान खाली आणि घर वर असणाऱ्यांचंही तसंच झालं. पावसाळ्यात एक डिस्क जतच्या पाहुण्यांकडं ठेवा. जतला बाकी काही असेल, पुराची भीती नाही.

तिसरा थर क्लाउडचा. तो घ्यावा का, हे तुमच्या नेटवर अवलंबून आहे. डाउनलोडचा वेग सगळे सांगतात. आपल्याला लागतो अपलोडचा. ४० जीबी डेटा २० एमबीपीएसनं वर चढवायला साडेचार तास जातात. पहिल्या दिवशी एकदाच. नंतर रोज फक्त बदललेला भाग जातो, पण तेवढाच भाग ओळखून पाठवणारं सॉफ्टवेअर असेल तरच. क्लाउडवर घेताना एकच अट पाळा: ठरावीक दिवस जुना बॅकअप कुणालाच, अगदी तुम्हालाही, पुसता येणार नाही, अशी सोय त्यात हवी आणि ती चालू केलेली हवी. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक. ऑगस्ट २०२२ पासून कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. भागीदारी किंवा एकट्याची पेढी असेल तर तो नियम लागू नाही. जीएसटीचं रेकॉर्ड मात्र सगळ्यांनाच त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायचं असतं. म्हणून जुनी डिस्क पुसून वापरण्याआधी वर्ष बघा.

इथं एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी बसली; आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीतलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. कंपनीच्या सगळ्या नेटवर्कची ओळखपाळख ज्या सर्व्हरांवर असते, ते जगभरचे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत होते. त्यामुळं सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण हल्ला झाला त्या वेळी तिथं लाइट गेली होती. तेवढ्या एका मशीनवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. इतक्या मोठ्या कंपनीला लोडशेडिंगनं तारलं. तुमची लाल पट्टीची डिस्क म्हणजे तेच आहे, फक्त मुद्दाम ठरवून.

आता चोर येतो कुठून ते बघू, कारण तुमच्या प्रश्नात त्याचं उत्तर एका ओळीत येऊन गेलंय. घरून रिमोट डेस्कटॉप, तोही स्टॅटिक आयपीवर. म्हणजे कुणीतरी राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचा दरवाजा, सर्व्हरकडं वळवलाय. त्या क्षणापासून जगातल्या कुणालाही तुमच्या सर्व्हरचं लॉगिन दिसतं. ‘आम्हाला कोण ओळखतंय?’ असं मालक म्हणतात. ओळखायची गरजच नसते. यंत्रं रात्रंदिवस इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता ठोठावत असतात. पोर्टचा नंबर बदलला तरी ती पुढचेही नंबर ठोठावतात, चार दिवस उशीर होतो इतकंच.

खरं वाटत नसेल तर सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिक्युरिटी, उजवीकडं फिल्टर, आणि आकडा टाका ४६२५. हे फसलेले लॉगिन. मी ज्या उघड्या सर्व्हरांवर हे करून दाखवलंय तिथं यादी खालपर्यंत सरकवून बोट दुखतं. दर काही सेकंदांना एक ओळ. वापरून पाहिलेली नावं वाचण्यासारखी असतात: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, अकाउंट्स, स्कॅनर, आणि हो, टॅली. आपल्या देशात काय चालतं हे त्यांना बरोबर माहीत आहे. मग आकडा बदलून ४६२४ करा, हे जमलेले लॉगिन, आणि वेळ बघा. एका दुकानात शुक्रवारी पहाटे २ वाजून ४० मिनिटांनी ‘टॅली’ हा युजर आत आलेला होता. पासवर्ड होता टॅली, ॲटचं चिन्ह, एक दोन तीन. तो चोर दोन दिवस नुसता आत फिरत होता, बॅकअप कुठं आहे ते बघत. लॉक केलं रविवारी, दुकान बंद असताना. पहाटेच्या लॉगिनची एखादी ओळ तुमच्याकडं दिसली आणि ती तुमची नसेल, तर हे उत्तर इथंच ठेवा, सर्व्हरची नेटची वायर काढा आणि कुणाला तरी बोलवा.

नसेल, तर आजच राउटरमधला तो वळवलेला पोर्ट बंद करा. यासाठी एक रुपया लागत नाही. मग स्वतःला विचारा, रात्री घरून मी नेमकं काय बघतो? बहुतेक मालक दिवसाची आवक आणि बँकेतली शिल्लक बघतात. तेवढंच असेल तर दिवाणजींनी दुकान बंद करताना दोन रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकले तरी भागतं. खरोखरच आत यायचं असेल तर व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी उघडणारी कुलूपबंद वाट, घ्या. राउटर वायरगार्ड नावाचं व्हीपीएन देणारा असेल तर त्यातच होतं, नसेल तर टेलस्केलसारखी सोय लॅपटॉप आणि सर्व्हरवर बसवता येते. मधल्या वाटेनं एनीडेस्क हे रिमोटचं ॲप कायमचा पासवर्ड लावून चालू ठेवणारे खूप आहेत. उघड्या पोर्टपेक्षा बरं, पण दोन टप्प्यांची ओळख चालू केल्याशिवाय मी ते ठेवू देत नाही.

बाकीची डागडुजी भराभर सांगतो. भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरचं वायफाय आणि हिशेबाची मशीनं एकाच नेटवर्कवर नकोत. राउटरमधलं गेस्ट वायफाय चालू करा, शेतकरी-व्यापारी त्यावर. सीसीटीव्हीचा डीव्हीआर त्याच वेगळ्या बाजूला, आणि त्याचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रकारानं असल्याच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांची फौज जमवली होती, मूळ पासवर्ड न बदललेल्यांची. काउंटरवरची पोरं ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करत असतील तर त्यांना साधे युजर करून द्या. क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस असेल तर ते काढा. ते बसवताना ‘अँटिव्हायरस आधी बंद करा’ असं सांगितलं जातं, तिथंच सगळं आलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नवी मशीनं घ्यायची असतील तर सर्व्हरपासून सुरुवात करा. आणि अपडेट टाळू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरनं जग हलवलं, त्याचं औषध मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं. अडकले ते दोन महिने ‘नंतर करू’वर बोट ठेवणारे.

खर्चाचा क्रम म्हणून लिहून ठेवायचं तर असं. पोर्ट बंद करणं आणि साधे युजर, फुकट. अडतीच्या डेटाचा खरा बॅकअप, सॉफ्टवेअरवाल्याची एक फेरी. दोन डिस्क, ढोबळ दहा-बारा हजार. नॅस डिस्कसकट तीस-चाळीस हजारांपासून पुढं. आणि मग फायरवॉल.

हे सगळं झाल्यावर एक दिवस तालीम घ्या. ती नाही घेतली तर वरचं सगळं कागदावरच राहतं. घरातला जुना लॅपटॉप घ्या, सर्व्हर बंद आहे असं समजा, आणि फक्त हिरव्या डिस्कवरून दुकान उभं करा. टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरात रिस्टोअर करा, चालू फोल्डरवर केलात तर आजच्या डेटावर जुना चढेल. मग एक ओळखीचा शेतकरी घ्या, त्याची मागच्या हंगामातली पट्टी काढा, छापील प्रतीशी जुळवा. घड्याळ लावून किती तास गेले ते लिहा. पहिल्यांदा पूर्ण दिवस जातो, काहीतरी अडतंच. माझ्याकडं एकदा सगळं आलं आणि मराठी फॉन्ट नसल्यामुळं पट्टीवर नुसते चौकोन उमटले. दुसऱ्या खेपेला दोन तासांत होतं. पूर्वी दिवाळीला चोपडी पूजनाला नवी वही आणायचो, तसं मी गिऱ्हाइकांना सांगतो, पूजेला डिस्क ठेवा हवी तर, पण त्याआधी ती उघडून बघा.

एवढं करूनही लॉक झालंच तर पहिल्या तासात काय करायचं? सगळ्या मशीनच्या नेटच्या वायरी काढा, वायफाय बंद. काहीही फॉरमॅट करू नका, लॉक झालेली डिस्क तशीच बाजूला ठेवा. पडद्यावरच्या चिठ्ठीचा मोबाइलनं फोटो घ्या. बॅकअपची डिस्क त्या मशीनजवळही नेऊ नका. आधी कोरं मशीन, मग डिस्क. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार द्या. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते, छोट्या धंद्यांनीही. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ नावाची साइट सुरू केली, तिथं काही जुन्या प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात. नशीब चांगलं असेल तर तुमची सापडेल. पैसे देऊ नका असं मी सांगतो. दिलेलेही पाहिलेत, एकाला किल्ली मिळाली, एकाला दुसरी मागणी आली.

राहिला फायरवॉल. त्या कोटेशनमध्ये दुसऱ्या वर्षीचं सबस्क्रिप्शन किती, आणि त्याचे लॉग दर आठवड्याला कोण बघणार, हे लिहिलंय का बघा. लिहिलेलं नसेल तर ती महागडी दिव्याची पेटी आहे. दुसरी शाखा असेल, कोल्ड स्टोरेजचं नेटवर्क जोडायचं असेल, किंवा निर्यातीचा एखादा गिऱ्हाईक ऑडिटमध्ये तो मागत असेल, तर माझं मत बदलेल. तसं काही असेल तर कळवा. शिवाय अडतीच्या डेटाबेसचा साइज आणि नेटचा अपलोड वेग, हे दोन आकडे पाठवा. क्लाउडचं त्याशिवाय ठरवता येणार नाही. आणि पेनड्राइव्हवरच्या त्या दोन फोल्डरांचे साइज काय निघाले तेही.